जुन्या आऊटबोर्ड मोटरच्या गिअर केसमधील तेलगळतीचे निदान : विदर्भातील जलाशय व पूरबचाव कार्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

नौकेच्या मागील फळीवर बसविल्या जाणाऱ्या आऊटबोर्ड मोटरच्या तळाशी, पाण्याखाली, गिअर केस हा भाग असतो. त्यातील तेल बाहेर झिरपणे किंवा त्यात पाणी शिरणे हा जुन्या मोटरींतील नेहमीचा दोष होय. प्रत्यक्ष दुरुस्तीत या दोषाचे निदान न करताच सर्व सील बदलण्याची पद्धत सर्वत्र आढळते. प्रस्तुत लेखात गिअर केसची रचना, गळतीमागील भौतिक कारणे, तेलाच्या अवस्थेवरून काढावयाचे निष्कर्ष, दाब व ऋणदाब चाचणीची रीत आणि नागपूरच्या हवामानात या चाचणीत घ्यावयाची दक्षता यांचे विवेचन केले आहे. चाचणीविना केलेली दुरुस्ती हा केवळ अंदाज असतो, हे लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजशब्द : आऊटबोर्ड मोटर, गिअर केस, ऑइल सील, दाब चाचणी, ऋणदाब, पूरबचाव.

प्रस्तावना

विदर्भ हा समुद्रापासून दूर असलेला प्रदेश असल्याने नौकेची मोटर हा येथील अभ्यासाचा विषय वाटत नाही. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्यातील मोवाड या गावात दोनशेहून अधिक लोकांचा बळी घेतला. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत थैमान घातले. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे खुद्द नागपूर शहरात काही तासांतच शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांतील नागरिकांना नौकांच्या साह्याने बाहेर काढावे लागले. याशिवाय तोतलाडोह, नवेगाव खैरी, रामटेकजवळील खिंडसी आणि वैनगंगेवरील गोसीखुर्द हे विस्तीर्ण जलाशय या परिसरात आहेत.

बचावनौकेची मोटर वर्षातील बहुतांश काळ बंद असते आणि जेव्हा लागते तेव्हा तत्काळ लागते. अशा मोटरचे इंजिन सुरू होते की नाही, हे सर्वजण पाहतात. परंतु गिअर केसमध्ये तेल आहे की पाणी, हे सहसा कोणी पाहत नाही. पाणीमिश्रित तेलावर चाललेले गिअर व बेअरिंग गंजतात, झिजतात आणि अखेर भर प्रवाहात निकामी होतात. इंजिन चालू आहे, पण पंखा फिरत नाही, अशी ही अवस्था होय. दुसरा मुद्दा जलप्रदूषणाचा आहे. तोतलाडोह व नवेगाव खैरी हे पेंच प्रकल्पातील जलाशय नागपूरला पिण्याचे पाणी पुरवितात. अशा पाण्यात गिअर तेलाचा तवंग पसरणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही.

जुन्या मोटरींचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. ओल इव्हिनरूड यांनी अमेरिकेत १९०९ मध्ये आपली आऊटबोर्ड मोटर विक्रीस आणली. त्यांच्या नावाने चालत आलेल्या मोटरींचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. जॉन्सन ही बनावटही त्यापूर्वीच बाजारातून गेली. परिणामी जुनी मोटर बाळगणाऱ्यास कंपनीच्या सेवा केंद्रावर विसंबून राहता येत नाही. त्याला स्वतःच दोष ओळखावा लागतो.

१. गिअर केसची रचना

इंजिनाची शक्ती उभ्या दांड्यातून खाली येते. या दांड्याच्या टोकाशी असलेले लहान गिअर पुढील व मागील अशा दोन गिअरना फिरविते आणि त्यांच्यामधील क्लच पंख्याच्या आडव्या दांड्याला यांपैकी एकाशी जोडतो. हे सर्व भाग तेलात बुडालेले असतात. लहान व मध्यम मोटरींत तेलाचे प्रमाण साधारणतः २०० ते ६०० मिलिलिटर एवढेच असते. त्यामुळे थोडीशी गळतीही गंभीर ठरते.

तेल बाहेर जाण्याच्या अथवा पाणी आत येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत : (अ) तेल भरण्याच्या खालच्या व हवा सुटण्याच्या वरच्या प्लगखालील वॉशर, (ब) पाण्याच्या पंपाखाली उभ्या दांड्याभोवती असलेले सील, (क) गिअर बदलण्याच्या सळईभोवतीची ओ-रिंग अथवा बुश, (ड) पंख्याच्या दांड्याभोवतीचे सील, (इ) पंख्याच्या बाजूचे बेअरिंग ज्या घरात बसते त्या घराभोवतीची ओ-रिंग, (फ) केसचे जोड अथवा त्यातील तडा. जॉन्सन व इव्हिनरूड बनावटीच्या १९५० व १९६० च्या दशकांतील अनेक लहान मोटरींत केस दोन भागांत असून तिचा तळाचा भाग स्क्रूंनी वर जोडलेला असतो. या जोडात दोरीसारखे रबरी सील बसविलेले असते. अशा मोटरींत गळतीची एक वाट अधिक असते.

ज्या ठिकाणी दोन सील असतात तेथे ती सहसा पाठीला पाठ लावून बसविलेली असतात. एकाची ओठासारखी कड आतील बाजूस असते व ती तेल अडविते. दुसऱ्याची कड बाहेरच्या बाजूस असते व ती पाणी अडविते. ही दिशा लक्षात घेतल्याशिवाय पुढील चाचण्यांचा अर्थ लागत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या काही मोटरींत तेलाऐवजी ग्रीस भरले जाई आणि त्यांची सील आजच्या कृत्रिम रबराच्या सीलइतकी घट्ट नसत. अशा मोटरींत किंचित पाझर हा दोष न मानता तिचा स्वभाव मानावा लागतो.

२. गळतीची भौतिक कारणमीमांसा

तेल बाहेर जाते तर पाणी आत कसे येते, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर वायूच्या साध्या नियमात आहे. गिअर केस ही जवळजवळ बंद पेटी असून तेलावर थोडी हवा असते. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर असल्याने येथील वायुदाब सुमारे ९८ किलोपास्कल असतो. केस २७ अंश सेल्सिअसवर म्हणजे ३०० केल्विनवर बंद केली आणि चालताना ती ६७ अंशांपर्यंत म्हणजे ३४० केल्विनपर्यंत तापली असे मानू. घनफळ स्थिर धरल्यास आतील दाब ९८ वरून सुमारे १११ किलोपास्कल होईल. म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा तो सुमारे १३ किलोपास्कल, अर्थात १.९ पीएसआय एवढा अधिक असेल. तेलाच्या स्वतःच्या प्रसरणामुळे त्यात आणखी भर पडते. सील कमकुवत असल्यास या दाबाने तेल व हवा बाहेर पडतात.

मोटर बंद केल्यावर उलट क्रिया घडते. दाब बाहेर निघून गेलेली गरम केस थंड पाण्यात पुन्हा ३०० केल्विनवर आली की आतील दाब सुमारे ८६.५ किलोपास्कल उरतो. ही तूट सुमारे ११.५ किलोपास्कल, म्हणजे पाऱ्याच्या ३.४ इंचांएवढी असते. केस अर्धा मीटर पाण्याखाली असल्यास पाण्याचा सुमारे ५ किलोपास्कल दाब त्यात मिळतो. एकूण सुमारे १६ किलोपास्कलच्या फरकाने पाणी त्याच वाटेने आत ओढले जाते. केस जणू श्वासोच्छ्वास करते.

या गणितातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, बाहेर तेल दिसत नसले तरी आत पाणी असू शकते. दुसरी, प्रत्यक्ष वापरातील दाबाचा फरक दोन-अडीच पीएसआय एवढाच असल्याने कमी दाबाची चाचणी ही सर्वांत महत्त्वाची चाचणी होय. तिसरी, काम संपल्यावर मोटर उचलून पाण्याबाहेर ठेवल्यास ती थंड होताना पाणी नव्हे तर हवा ओढते. ही सवय लावण्यास काहीच खर्च येत नाही.

३. प्राथमिक निदान : तेलाचे वाचन

सर्वप्रथम ठिबकणारा द्रव गिअर तेलच आहे, याची खात्री करावी. जुन्या दोन-स्ट्रोक मोटरींत पेट्रोलमध्ये तेल मिसळलेले असते आणि त्याचा न जळलेला काळा अंश धुराच्या मार्गाने खाली उतरून पंख्याजवळ ठिबकतो. तो पातळ असून त्यास पेट्रोल व धुराचा वास येतो. गिअर तेल दाट असते व त्यातील गंधकयुक्त घटकांमुळे त्यास उग्र वास असतो. केस पुसून स्वच्छ करावी, खाली पांढरा कागद अंथरावा व मोटर रात्रभर उभी ठेवावी. तेलाची पातळी कमी झाली नसेल, तर डाग कितीही मोठा असला तरी तो सहसा गिअर केसमधील गळतीचा नसतो.

पातळीबाबतही एक फसगत संभवते. तेल नेहमी खालच्या छिद्रातून वर चढवावे, ते वरच्या छिद्रातून वाहू लागले की आधी वरचा प्लग लावावा आणि मगच खालचा. तेल वरून ओतल्यास आत हवा अडकते, काही वेळाने पातळी खाली जाते आणि नसलेल्या गळतीचा शोध सुरू होतो.

त्यानंतर मोटर रात्रभर सरळ उभी ठेवून सकाळी खालचा प्लग सावकाश सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने मोकळे पाणी असेल तर ते प्रथम बाहेर येते. पुढे येणाऱ्या तेलाचे वाचन असे करावे :

(अ) तेल स्वच्छ व पारदर्शक, पातळीही योग्य : तूर्त दोष नाही.
(आ) तेल स्वच्छ पण कमी : बाहेर जाणारी गळती. आतील कडेचे सील किंवा प्लगचा वॉशर संशयास्पद.
(इ) तेल दुधासारखे किंवा चहासारखे : पाणी शिरून घुसळले गेले आहे. शंका असल्यास तापलेल्या तव्यावर एक थेंब टाकावा. पाणी असल्यास तडतड ऐकू येते. डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा.
(ई) तेल काळे व जळका वास : तेल जुने झाले आहे किंवा कमी तेलावर मोटर चालली आहे.
(उ) तेलात धातूचे कण : बारीक चकाकी ही सामान्य झीज असू शकते, बोटाला टोचणारे तुकडे मात्र तुटलेल्या गिअरचे अथवा बेअरिंगचे निदर्शक होत. अशा वेळी केवळ सील बदलणे निरर्थक ठरते.

तेलाचे वाचन गळती आहे की नाही आणि ती कोणत्या दिशेची आहे, हे सांगते. ती कोठे आहे, हे मात्र सांगत नाही. त्यासाठी चाचणी आवश्यक आहे.

४. दाब व ऋणदाब चाचणी

या चाचणीस हातपंप, ० ते २० पीएसआय मोजणारा दाबमापक, ऋणदाबाचा पंप, प्लगच्या आट्यांत बसणारी जोडणी आणि साबणाचे पाणी एवढेच साहित्य लागते. स्पार्क प्लगच्या तारा काढून ठेवाव्यात किंवा गिअर केस मोटरपासून वेगळी करावी. तेल पूर्ण काढून एका छिद्रात जोडणी बसवावी व दुसरे नव्या वॉशरसह बंद करावे.

तत्पूर्वी पंप, नळी व दाबमापक यांचीच परीक्षा घ्यावी : नळीचे तोंड बंद करून दाब टिकतो का, हे पाहावे. साधनाचा दोष हा निसर्गाचा चमत्कार भासू शकतो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश तापमान दाखविले होते. ते संवेदकातील दोषामुळे होते, असे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. दाबमापकाबाबतही हीच सावधगिरी हवी.

चाचणीचे टप्पे पुढीलप्रमाणे :

पहिला टप्पा, कमी दाब. ३ ते ६ पीएसआय दाब देऊन पाच मिनिटे थांबावे. या काळात दोन्ही दांडे सावकाश फिरवावेत व गिअरची सळई वर-खाली करावी. उभा दांडा केवळ इंजिनाच्या दिशेनेच फिरवावा, अन्यथा पाण्याच्या पंपाची पाती उलट वळतात. स्थिर अवस्थेत न गळणारे सील दांडा फिरताच गळू लागते, असा अनुभव वारंवार येतो.

दुसरा टप्पा, अधिक दाब. त्या मोटरच्या पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपर्यंत, सहसा १० ते १५ पीएसआय, दाब वाढवून पुन्हा निरीक्षण करावे. मर्यादा ओलांडल्यास चांगले सीलही जागेवरून निघू शकते. काही सील कमी दाबाला गळतात व अधिक दाबाला घट्ट बसतात, कारण दाबच त्यांची कड दांड्यावर आवळतो. म्हणून केवळ अधिक दाबाची चाचणी घेऊन मोटर निर्दोष ठरविणे चूक आहे.

तिसरा टप्पा, ऋणदाब. पाऱ्याच्या ३ ते ५ इंचांपासून आरंभ करून पुस्तिकेनुसार सुमारे १५ इंचांपर्यंत जावे. बाहेरच्या कडेचे, म्हणजे पाणी अडविणारे सील याच टप्प्यात खऱ्या अर्थाने तपासले जाते. संशयित जागी थोडे तेल लावल्यास गळती असेल तेथे ते आत ओढले जाते.

चौथा टप्पा, स्थाननिश्चिती. दाब टिकत नसल्यास साबणाचे पाणी लावावे किंवा केस पाण्याच्या टाकीत बुडवावी व बुडबुडे कोठून निघतात ते पाहावे.

५. गळतीची स्थाने व उपाय

प्लगजवळ बुडबुडे : वॉशर बदलावा. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित दोष आहे.

पाण्याच्या पंपाजवळ बुडबुडे : येथे उभ्या दांड्याचे सील व गिअरची सळई शेजारी असल्याने घोटाळा होतो. पंपाचे घर काढूनच निर्णय घ्यावा.

पंख्याच्या मागे बुडबुडे : पंखा काढून पाहावे. दांड्याला लागून बुडबुडे असल्यास सील दोषी. बेअरिंगच्या घराच्या कडेने असल्यास ओ-रिंग दोषी. आपल्याकडील तलावांत मासेमारीची नायलॉनची जाळी सर्वत्र असतात. जाळ्याचा तुटलेला धागा पंख्यामागे गुंडाळला जातो व दांड्याबरोबर फिरत सील कापतो. म्हणून हंगामात अधूनमधून पंखा काढून तेथे धागा नाही ना, हे पाहणे इष्ट.

जोडाच्या रेषेवर बुडबुडे : तळाचा भाग काढून जोड स्वच्छ करावा व सील नव्याने बसवावे.

केसच्या पृष्ठभागावर बुडबुडे : तडा किंवा ओतकामातील छिद्र. नागपुरात पाणी गोठत नसल्याने बर्फामुळे केस फुटण्याची भीती येथे नाही. परंतु थंड देशांतून आलेल्या वापरलेल्या मोटरींत असा जुना तडा असू शकतो.

सील काढल्यावर दांड्याची तपासणी करणे अनिवार्य आहे. सीलची कड जेथे घासते तेथे कालांतराने चर पडतो. त्यावरून नख फिरविताना ते अडकत असेल तर नवे सीलही लवकरच गळेल. अशा वेळी शक्य असल्यास सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावे किंवा दांड्यावर पातळ बाही चढवावी. दांडा वाकला असल्यास अथवा बेअरिंग सैल असल्यास सील प्रत्येक फेऱ्याला एका बाजूस दाबले जाते. तेथे मूळ दोष सीलचा नसतोच. मूळ सील मिळत नसल्यास आतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी मोजून बेअरिंगच्या दुकानातून जुळणारे सील घेता येते. जुन्या अमेरिकन मोटरींची मापे इंचांत असतात, हे ध्यानात ठेवावे. सील बसविताना त्याच्या कडेला ग्रीस लावावे व दुरुस्तीनंतर सर्व टप्पे पुन्हा घ्यावेत.

६. नागपूरच्या हवामानातील विशेष दक्षता

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या मोटरचे तापमान त्याहूनही वाढते. दीर्घकाळच्या उष्णतेने रबर कडक होते आणि न फिरणाऱ्या दांड्यावर सीलची कड एकाच आकारात बसून राहते. त्यामुळे मागील पावसाळ्यात निर्दोष असलेली मोटर यंदा निर्दोष असेलच असे नाही. सावलीत साठवण आणि महिन्यातून एकदा दांडा हाताने फिरविणे हे सोपे उपाय आहेत.

चाचणीवरही तापमानाचा परिणाम होतो. उन्हात ४० अंशांवर तापलेली केस १० पीएसआय दाब देऊन ३० अंशांच्या खोलीत आणली, तर निरपेक्ष दाब सुमारे १६७ किलोपास्कलवरून १६२ किलोपास्कलपर्यंत उतरतो. दाबमापकावर ही घट सुमारे पाऊण पीएसआय दिसते आणि कोणतीही गळती नसताना चांगले सील दोषी ठरते. यासाठी केस काही तास सावलीत ठेवून, एकाच तापमानात चाचणी घ्यावी.

बचावकार्य सुरू असताना तेल दुधाळ आढळल्यास तेल बदलून अल्पकाळ काम भागविता येते. परंतु ती दुरुस्ती नव्हे. म्हणून बचावनौकांच्या मोटरींची दाब चाचणी मे महिन्यातच व्हावी आणि तिची नोंद तारखेसह ठेवली जावी. काढलेले तेल नाल्यात न टाकता साठवून नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यावे. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे.

७. शैक्षणिक उपयोजन

जुनी गिअर केस हे महाविद्यालयीन प्रयोगशाळेसाठी अल्पखर्चिक साधन ठरू शकते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यास तीत वायूंचे नियम, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास पायस व बहुवारिक रबराचे गुणधर्म, यंत्र अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यास घर्षण व वंगण यांचा अभ्यास करता येईल. लक्षण व कारण यांतील भेद ओळखणे, एका वेळी एकच घटक बदलणे आणि साधनाची आधी परीक्षा घेणे ही शास्त्रीय शिस्त येथे हातांनी शिकता येते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. (१) तेलाचा डाग दिसतो ती जागा व गळतीची जागा एकच असतील असे नाही. (२) गळती दोन्ही दिशांनी होते. म्हणून दाब व ऋणदाब या दोन्ही चाचण्या आवश्यक आहेत. (३) प्रत्यक्ष वापरातील दाबाचा फरक अल्प असल्याने कमी दाबाची चाचणी वगळता येत नाही. (४) सील हे अनेकदा कारण नसून झिजलेल्या दांड्याचा, सैल बेअरिंगचा किंवा अडकलेल्या धाग्याचा परिणाम असते. (५) नागपूरच्या हवामानात तापमान स्थिर ठेवल्याखेरीज चाचणीचा निकाल विश्वसनीय मानता येत नाही. काही मिनिटांची ही तपासणी उन्हाळ्यात झाली, तर पावसाळ्यात नौकेवर बसलेल्यांचा जीव एका वॉशरवर अवलंबून राहणार नाही.